कुत्र्याचा कान वाहतो तेव्हा

कुत्र्याचा कान बिघडला की त्याची पहिली खबर बहुधा नाकाला लागते. शेजारी बसलेलं जनावर मान जोरात झटकतं आणि एक आंबूस, तेलकट वास येतो. घरातले शाम्पू बदलतात, सोफ्याची कव्हरं धुवायला टाकतात. कुत्रा मागच्या पायाने कान खाजवतोय, डोकं पायपुसण्यावर घासतोय, हे सगळ्यांना दिसत असतं. पण ती त्याची खोडच आहे अशी समजूत झालेली असते. मग कधीतरी कुणी कानाची पाळी उलटून बघतं. आत लालबुंद कातडी आणि तपकिरी मळाचे थर. मळ दिसला की पहिला विचार तो काढून टाकण्याचा येतो, आणि कान कोरायचे बड तर घराघरात असतात.

कुत्र्याच्या कानाचे बरेचसे हाल इथूनच सुरू होतात.

माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची, जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे, ५ ते १० सेंटिमीटर. ती आधी उभी खाली उतरते, मग जवळपास काटकोनात वळून आडवी आत जाते आणि शेवटी पडद्याला भिडते. पाळी उलटल्यावर आपल्याला दिसतं ते फक्त वरचं तोंड. बड घातला की वरचा थोडा मळ कापसाला लागून येतो आणि बाकीचा वळणापलीकडे ढकलला जातो. असं वारंवार झालं की पडद्यासमोर मळाचा घट्ट बोळा बसतो, आणि तो काढायला जनावराला भूल द्यावी लागते. शिवाय सुजलेल्या कातडीवर कापूस घासला की ती सोलवटते. जंतूंना तेवढंच हवं असतं.

निरोगी कान आपली झाडलोट आपणच करतो. नळीच्या आतली कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ, मेलेल्या पेशी, धूळ असं सगळं तोंडाशी आणून सोडते. म्हणून ज्या कुत्र्याचा कान आतून फिकट गुलाबी आहे, ज्याला वास नाही आणि खाज नाही, त्याच्या कानात काहीही घालू नये. दर रविवारी अंघोळीबरोबर कानही धुणारे हौशी लोक असतात. सततच्या ओलाव्याने आतली कातडी भिजून मऊ पडते आणि ज्या रोगाच्या भीतीने हा उद्योग चाललेला असतो, त्यालाच आमंत्रण जातं.

कानाची नळी म्हणजे शेवटी कातडीच आहे. आत वळलेली, केसांची, तेलाच्या आणि मळाच्या ग्रंथी असलेली कातडी. अंगाच्या कातडीला जे होतं ते कानातल्या कातडीलाही होतं. फक्त तिथे हवा खेळत नाही, उजेड पोचत नाही आणि पाझरलेलं काही सुकत नाही. कानाच्या दुखण्याकडे असं पाहायला लागलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जॉन ऑगस्ट या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये कानाच्या दुखण्यामागच्या कारणांची वेगवेगळ्या गटांत विभागणी मांडली. थोड्याफार बदलांनी ती आजही शिकवली जाते. दुखणं मुळात सुरू करणारी कारणं वेगळी, त्याला अनुकूल जमीन तयार करणारी वेगळी, आणि एकदा सुरू झालेलं दुखणं संपू न देणारी वेगळी. बुरशी आणि जिवाणू यांतल्या पहिल्या गटात क्वचितच बसतात. ते कुणीतरी आधी दार उघडून दिल्यावर आत शिरतात. आपण मात्र औषध घालतो ते शिरलेल्यांवर, आणि दार उघडंच राहतं. त्याच कुत्र्याचा तोच कान वर्षातून तीन-चारदा वाहतो त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दार उघडणाऱ्यांत पहिला नंबर ॲलर्जीचा. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, कॉकर स्पॅनियल, जर्मन शेफर्ड या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या जाती ॲलर्जीसाठी बदनामच आहेत. माणसाला ॲलर्जी झाली की शिंका येतात, दमा होतो; कुत्र्याची ॲलर्जी कातडीवर उमटते. तो पंजे चाटतो, पोट आणि काखा लाल होतात, आणि कान सुजतात. काही कुत्र्यांत तर बाकी अंग स्वच्छ असतं आणि कान तेवढे बोलतात. कारण घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे असू शकतात, परागकण असू शकतात, ओलीतली बुरशी असू शकते. खाणंही असू शकतं, आणि इथे आपल्याकडे एक गंमत होते. कुत्र्यांना ज्या पदार्थांची ॲलर्जी नेहमी आढळते त्यांत गोमांस, दूध, गहू यांच्या जोडीला चिकनही आहे. आणि आपल्या शहरी कुत्र्याचं रोजचं ताट म्हणजे चिकन-भात, वर दही, आणि चहाच्या वेळी कुणीतरी टाकलेलं बिस्किट. खाण्याची ॲलर्जी रक्ताच्या चाचणीतून खात्रीने कळत नाही. किमान आठ आठवडे त्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं काहीतरी, आणि फक्त तेवढंच, द्यावं लागतं. आठ आठवडे एकही बिस्किट नाही. हा पथ्याचा प्रयोग आजीआजोबांच्या घरात कसा फसतो, हे सांगायला नको.

दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. पावसाळा सरला की घाटावरच्या माळरानांवर, टेकड्यांवर कुसळी गवत वाळतं. त्याच्या बीला टोकदार, मागे वळलेल्या केसांचं अग्र असतं आणि पाठीवर लांब शेपटी. ही शेपटी ओल लागली की पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुतत जातं. मोज्यात अडकलेलं कुसळ पुढेच जातं, मागे येत नाही, हे टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कुत्र्याच्या कानातही ते तसंच वागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी टेकडीवर भरपूर धावून आलेला कुत्रा दुपारपासून अचानक एकाच बाजूला डोकं झटकू लागला, त्या बाजूला मान कलती ठेवू लागला, तर औषधांचा विचार करत बसू नये. तो कान त्याच दिवशी डॉक्टरांच्या दुर्बिणीखाली गेला पाहिजे. लांब चिमट्याने कुसळ काढलं की बहुतेकदा काम भागतं. राहिलं तर ते पडदा भेदून जाऊ शकतं.

पिल्लांत, विशेषतः घरात मांजरही असेल तर, कानातले किडे सापडतात. ओटोडेक्टिस नावाचे हे पांढुरके माइट कातडी पोखरत नाहीत. पृष्ठभागावर हिंडतात आणि मागे काळपट, कोरडा भुगा ठेवतात. एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्यांना वेळ लागत नाही, म्हणून औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना द्यावं लागतं. फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर या अलीकडच्या गोळ्यांनी हे काम फार सोपं केलं आहे. त्या मुळात पिसवा-गोचिडांसाठी आल्या, पण माइटवरही चालतात. त्याआधी आयव्हरमेक्टिनची सुई दिली जायची, अजूनही दिली जाते. कोली आणि तिच्या वंशातल्या कुत्र्यांना मात्र ती मेंदूवर बाधते. त्यामागचा जनुकातला बदल २००१ मध्ये सापडला. अशी जात घरात असेल, संकर का असेना, तर सुईआधी डॉक्टरांना ते सांगावं. खाज कानाच्या पाळीच्या कडेला असेल, तिथे खपल्या असतील आणि ती कड बोटांनी चोळल्याबरोबर कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर संशय खरजेचा. हे दुखणं नळीतलं नाही, आणि ते माणसालाही लागतं. गोचीड तर पाळीच्या आतल्या घडीत मुक्कामच ठोकते. ती काढताना तिथे दोनचार असतील तर बाकी अंगावर किती असतील याचा हिशेब करावा.

उरली ती कानाची घडण. लोंबते कान, आत दाट केस, अरुंद नळी, पोहण्याची हौस. कॉकर स्पॅनियलच्या कानात मळाच्या ग्रंथी मुळातच जास्त असतात, शार-पेईची नळी चिंचोळी असते. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याचे ताठ, उघडे कान या बाबतीत भाग्यवान म्हणायचे. पण नुसत्या लोंबत्या कानाने दुखणं होत नाही. कारवानसारख्या शिकारी कुत्र्याचेही कान पडलेलेच असतात.

आता आतल्या भाडेकरूंविषयी. तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ असेल तर बहुधा मॅलासेझिया पॅकीडर्मॅटिस नावाचं यीस्ट. ते बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या कातडीवर थोडंफार असतंच. तेल, ऊब आणि ओल मिळाली की माजतं. गंमत अशी की ही जात शास्त्रज्ञांना पहिल्यांदा भेटली ती कुत्र्यावर नव्हे. १९२५ मध्ये फ्रेड वाइडमन यांनी ती कातडीची सालं निघत असलेल्या एका भारतीय गेंड्याच्या अंगावरून वेगळी केली, आणि पॅकीडर्मॅटिस हे नाव तेव्हापासून प्रत्येक लॅब्रॅडॉरच्या केसपेपरवर चिकटलं. पिवळट पू असेल तर गोलाकार जिवाणू, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस. आणि हिरवट-पिवळा, पातळ, असह्य वासाचा स्राव, कानात व्रण, हात लावू देत नाही इतकी वेदना, असं असेल तर स्यूडोमोनास. हा सगळ्यांत चिवट. स्वतःभोवती चिकट आवरण विणतो आणि पुष्कळशा प्रतिजैविकांना दाद देत नाही.

पण रंगावरून आणि वासावरून केलेले हे अंदाजच. खरं उत्तर मिळतं ते पाच मिनिटांत आणि थोडक्या पैशांत: डॉक्टर बोळ्याने मळाचा नमुना घेतात, काचपट्टीवर फिरवतात, रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मॅलासेझिया शेंगदाण्याच्या आकाराचं दिसतं, त्यात चूक व्हायला जागा नसते. गोल जिवाणू, काठीसारखे जिवाणू, पूपेशी, माइट, सगळं तिथे स्पष्ट होतं. या तपासणीशिवाय लिहून दिलेले ड्रॉप म्हणजे अंधारातला नेम. माझं स्पष्ट मत आहे की वारंवार कान वाहणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने काचपट्टी बघण्याचा आग्रह धरावा, संकोच करू नये. काठीसारखे जिवाणू दिसले किंवा औषध चालेना, तर पुढची पायरी कल्चरची. दवाखान्यात सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असतात. मुंबईत परळला १८८६ पासूनचं महाविद्यालय आहे, तिथेच लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते जनावरांचं जुनं रुग्णालयही. साताऱ्याकडच्यांना शिरवळ जवळ, विदर्भात नागपूर.

काचपट्टीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पडदा बघणं. नळीच्या टोकाचा हा पडदा शाबूत आहे की फाटलाय, हे बाहेरून कळत नाही, आणि कानात काय घालता येईल ते बरंचसं यावर ठरतं. जेंटामायसिनसारखी औषधं, क्लोरहेक्सिडीनसारखी जंतुनाशकं फाटक्या पडद्यातून आतल्या कानात उतरली तर ऐकू येणं आणि तोल सांभाळणं दोन्ही बिघडू शकतं. मान सतत एका बाजूला कललेली, चालताना झोकांड्या, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलतायत, चेहऱ्याची एक बाजू लोंबली आहे, यांतलं काहीही दिसलं तर दुखणं पडद्यापलीकडे गेलं आहे असं समजायचं आणि घरी काही न घालता दवाखाना गाठायचा.

घरच्या औषधांबद्दल दोन शब्द बोलावेच लागतील. कोमट खोबरेल तेल, लसणाची फोडणी दिलेलं तेल, पाण्यात कालवलेली हळद, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट. तेलाने यीस्टची चंगळ होते. स्पिरिट आणि पेरॉक्साइड सोलवटलेल्या कातडीवर भयंकर झोंबतं, आणि ज्याने एकदा ते भोगलं तो कुत्रा पुढे कानाकडे येणाऱ्या हाताला चावतो. त्याची चूक काय? केमिस्टकडून आणलेले माणसांचे ड्रॉप हा आणखी एक प्रकार. त्यांत बहुधा एक प्रतिजैविक, एक बुरशीनाशक आणि एक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने सूज आणि खाज दोन दिवसांत उतरते, मालक खूश होतो, बाटली फ्रीजमध्ये जाते. महिन्याने तीच बाटली पुन्हा बाहेर येते. दर खेपेला जंतू थोडे अधिक निबर होतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानातल्या जखमेत अळ्या पडतात तेव्हा टर्पेंटाइन ओतण्याची पद्धत आहे, डांबरगोळ्यांची पूडही भरतात. अळ्या बाहेर येतात हे खरं. पण तीच गोष्ट नळीच्या आत उतरली तर कातडी भाजते, पडदा असेल-नसेल ते कुणी पाहिलेलं नसतं. बाहेरच्या पाळीवरची जखम असेल तर जनावरांसाठीचा स्प्रे मिळतो. आतल्या अळ्या डॉक्टरांनीच काढाव्यात.

मग घरी करायचं काय? डॉक्टरांनी पडदा पाहिला, क्लीनर लिहून दिला, की साफसफाई घरी नीट करता येते, आणि ती करावीच लागते. पू आणि मळ साचलेला असेल तर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. जेंटामायसिन, पॉलिमिक्सिनसारखी प्रतिजैविकं तर पुवात निष्प्रभ होतात. जागा बाथरूमची किंवा गॅलरीतली निवडावी, कारण पुढच्या पाच मिनिटांत भिंतीवर शिंतोडे उडणार आहेत. बाटली थोडा वेळ हातात धरून कोमट करावी. थंडगार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो. एकाने समोर बसून खाऊ चाटवायचा, दुसऱ्याने पाळी हलकेच वर उचलून धरायची म्हणजे नळीचं तोंड उघडं होतं. बाटलीचं टोक कातडीला न लावता द्रव तोंडापर्यंत भरायचा. थेंब-दोन थेंबांचं हे काम नाही, नळी भरली पाहिजे. मग पाळी सोडून कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, बोटांना जी कडक नळी लागते ती अर्धा मिनिट चोळायची. आतून चुबुक चुबुक आवाज येतो. आवाज नसेल तर द्रव कमी पडला. बऱ्याच कुत्र्यांना हा भाग आवडतो, खाजेवरच बोट पडल्यासारखं होतं, ते डोळे मिटून हातावर रेलतात.

त्यानंतर हात काढून बाजूला व्हायचं आणि त्याला डोकं झटकू द्यायचं. वळणापलीकडचा मळ बाहेर आणायचं काम कुठल्याही बडपेक्षा ही झटक चांगली करते. वर आलेली घाण बोटाला कापूस किंवा गॉझ गुंडाळून पुसायची. बोट जाईल तेवढंच आत जायचं. पुसणं बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत एकदोनदा परत. दहा-पंधरा मिनिटांनी औषधाचे ड्रॉप. रोज करायचं की दिवसाआड, हे स्रावावर अवलंबून असतं, ते डॉक्टरांना विचारावं. स्यूडोमोनास असेल तर क्लीनरमध्ये ट्रिस-ईडीटीए असलेलं द्रावण देतात. ते जिवाणूच्या भिंतीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं, भिंत विसविशीत होते आणि मागून येणारं प्रतिजैविक आत घुसतं.

ड्रॉपच्या मात्रेत सर्रास कंजुषी होते. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरच्या लांब, वळलेल्या नळीत तीन थेंब टाकले तर ते वळणापर्यंतही जात नाहीत. मोठ्या कुत्र्याला एका कानाला एका वेळी जवळपास एक मिलिलिटर लागतं. सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घालणं सगळ्यांत सोपं. आणि वास गेला म्हणून औषध थांबवायचं नाही. वास आधी जातो, जंतू नंतर. साधा यीस्टचा कान दोन-तीन आठवडे घेतो, चिवट जिवाणूंचा त्याहून जास्त, आणि थांबायचं कधी हे पुन्हा काचपट्टीच सांगते. कुत्रा किंचाळत असेल, नळी सुजून बंद झाली असेल, तर घरच्या सफाईचा हट्ट नको. आधी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरवतात, मग भूल देऊन कान आतून धुतात.

डोकं झटकणं स्वतःसुद्धा एक दुखणं तयार करतं. पाळीतली रक्तवाहिनी फुटते, कातडी आणि कूर्चा यांच्या मध्ये रक्त साचतं आणि सकाळी उठून बघावं तर पाळी टम्म फुगलेली. सुईने नुसतं रक्त काढलं तर बहुतेकदा ते पुन्हा भरतं. ते काढून टाके घालावे लागतात. तसंच सोडलं तर पाळी आक्रसून कायमची चुरगळते. काहीही केलं तरी, आतल्या खाजेचं कारण शोधलं नाही तर दुसरा कान तयारच असतो.

वर्षानुवर्षं पेटत राहिलेल्या कानाचं काय होतं, ते मात्र मालकांना सहसा उशिरा कळतं. नळीची कातडी जाड होते, ग्रंथी फुगतात, भोक इतकं बारीक होतं की दुर्बीण आत जात नाही. शेवटी कूर्चेत कॅल्शियम बसून नळी हाडासारखी टणक होते. बाहेरून बोटाने दाबली तरी कळतं. या टप्प्यावर कुठलेही ड्रॉप उपयोगाचे नाहीत. उरते ती शस्त्रक्रिया. अख्खी नळी काढून टाकतात, पडद्यामागची हाडाची पोकळी उघडून खरवडतात आणि कातडी शिवून टाकतात. चेहऱ्याची नस शेजारूनच जाते, म्हणून हे काम अनुभवी हातांचंच. त्या कानाने कुत्र्याला फारसं ऐकू येत नाही, पण त्याआधीही येत नव्हतंच. अनेक मालक सांगतात की म्हातारपणामुळे चिडका झालाय असं वाटणारा कुत्रा टाके निघाल्यावर पुन्हा खेळायला लागला. दुखण्याला स्वभाव समजण्याची ही चूक घरातल्या माणसांकडून वर्षानुवर्षं होत असते.

त्या थरापर्यंत जायचं नसेल तर कान बरा झाल्यावरचा काळ महत्त्वाचा. ॲलर्जीच्या कुत्र्याला खाजेवरचे उपचार चालू ठेवावे लागतात, कान शांत असला तरी. अशा कुत्र्यांना आठवड्यातून एकदा क्लीनर, पोहून किंवा अंघोळ करून आल्यावर कान कोरडे करणं, आणि पावसाळ्यात जरा जास्त लक्ष एवढं पुरतं. ग्रूमरला कानातले केस उपटू देऊ नयेत, जोवर त्यांच्यामुळे मळ अडकत नाही. उपटलेल्या प्रत्येक मुळाशी बारीक जखम होते. आणि पाळी उलटून वास घेण्याची सवय ठेवावी, कुत्रा धडधाकट असतानाही, म्हणजे निरोगी कानाचा वास कसा असतो ते नाकाला माहीत राहतं.